किनाऱ्यावरचा पत्ता : सागरतीरावरील उबदार प्रणयकादंबरीच्या आवाहकतेविषयी

लोकप्रिय वाङ्मयाकडे पाहताना आपली विद्यापीठीय समीक्षा बहुधा दोनपैकी एक भूमिका घेते. एक तर ती पुस्तक न उघडताच निकाल देते, नाही तर पुस्तक बाजूला ठेवून वाचकाची समाजशास्त्रीय तपासणी आरंभते. दोन्ही प्रकारांत कादंबरी वाचावयाची राहूनच जाते. प्रस्तुत लेखात ज्या कादंबरीप्रकाराचा विचार करावयाचा आहे तो या दृष्टीने विशेष उपेक्षित म्हणता येईल. समुद्रकाठचे एक लहानसे गाव, तेथे शहरातून आलेली एक स्त्री, बंद पडलेले एखादे दुकान आणि शेवटी प्रेम, एवढ्या सामग्रीवर इंग्रजीत गेली पंधरा-वीस वर्षे कादंबऱ्यांमागून कादंबऱ्या निघत आहेत. त्यांची मुखपृष्ठे फिकट निळ्या-गुलाबी रंगांची असतात आणि नावात बहुधा एखादी बेकरी, चहागृह किंवा पुस्तकांचे दुकान असते. गंभीर वाचक ते पाहूनच पुढे सरकतो.

माझे लक्ष या कादंबऱ्यांकडे वळले ते एका विद्यार्थिनीमुळे. दिल्लीत जन्मलेली आणि वाढलेली, घरी मराठी बोलणारी ही मुलगी पदव्युत्तर वर्गात श्री. ना. पेंडसे यांच्या कादंबऱ्यांवर टिपण लिहीत होती आणि मेट्रोत येता-जाता मात्र कॉर्नवॉलच्या किनाऱ्यावरील बेकरीची कथा वाचत होती. तिच्या आजोबांचे घर रत्नागिरी जिल्ह्यात आहे. ते बंद असते. 'पेंडसे वाचले की त्या घराची भीती वाटते, आणि हे वाचले की तिथे जावेसे वाटते', असे ती एकदा सहज बोलून गेली. या वाक्यात समीक्षेचा एक प्रश्न दडलेला आहे असे मला तेव्हा वाटले आणि अजूनही वाटते. पुढे रविवारच्या जुन्या पुस्तकांच्या बाजारातून अशा कादंबऱ्या जमविणे सुरू झाले. हा बाजार २०१९ पर्यंत दर्यागंजच्या पदपथांवर भरत असे; आता तो महिला हाटच्या आवारात भरतो. दर्यागंजमधला दर्या यमुनेचा. परंतु समुद्रापासून इतक्या दूरच्या शहरात समुद्रकाठची पुस्तके वजनावर मिळावीत, यात एक प्रकारचे औचित्य आहे.

प्रथम संज्ञेविषयी. इंग्रजीत या प्रकाराला 'कोझी' हे विशेषण लावतात. त्याला मराठीत 'उबदार' हाच शब्द जवळचा. तथापि तो स्वीकारताना थोडे थांबावयास हवे. ऊब ही थंड प्रदेशाची गरज आहे. बाहेर वारा, पाऊस, धुके, आणि आत भट्टीतून नुकताच निघालेला पाव, या विरोधावर ही सारी कल्पसृष्टी उभी आहे. आपल्या किनाऱ्यावरील माणसाला सुख हवे असते ते गारव्याचे: सारवलेल्या पडवीचे, माडाच्या सावलीचे, रांजणातल्या पाण्याचे. गोधडीची ऊब आपल्याकडे आहे, पण ती आजीशी जोडलेली आहे, गावाशी नाही. म्हणून मराठी वाचकाला ही 'ऊब' कळते ती आधी पुस्तकातून. न अनुभवलेल्या थंडीवरचा उपाय त्याला हवासा वाटतो, याचा अर्थ ती थंडी केवळ हवामानाची नसावी.

प्रणयकादंबरीच्या अभ्यासात जॅनिस रॅडवे यांचा 'रीडिंग द रोमान्स' (१९८४) हा ग्रंथ अद्यापही टाळता येत नाही. अमेरिकेतील एका गावातील वाचक स्त्रियांशी बोलून त्यांनी दोन गोष्टी दाखवून दिल्या. पहिली, वाचनाची कृती ही या स्त्रियांसाठी घरकामातून काढलेली स्वतःची वेळ होती. दुसरी, दिवसभर इतरांचे संगोपन करणाऱ्या या स्त्रियांना कथेत नायकाकडून नायिकेचे संगोपन झालेले पाहावयाचे होते. १९०८ साली स्थापन झालेल्या मिल्स अँड बून या प्रकाशनसंस्थेच्या पठडीत हा नायक धनिक, अबोल आणि प्रारंभी कठोर असे. सागरतीरावरील उबदार कादंबरीत त्याची जागा पार बदलते. तो मध पिकवतो, मासे पकडतो, नाही तर होड्या दुरुस्त करतो. तो पुष्कळदा नायिकेपेक्षा गरीब असतो, आणि संगोपनाचे काम त्याच्याकडून काढून घेऊन गावाकडे सोपविलेले असते. नायिका आजारी पडली तर दारात सूप ठेवून जाणारी शेजारीण हे या कादंबरीतील खरे प्रेमदृश्य होय. शेवटच्या प्रकरणातील चुंबन ही बहुतेक वेळा एक औपचारिकता असते, आणि लेखिकाही ती तशीच उरकतात.

गावाकडून होणारे हे संगोपन म्हणजे नेमके काय? माझ्या मते त्याचे दोन घटक आहेत: दिसणारे काम आणि सांगता येणारा पत्ता. पैकी पत्त्याचे उदाहरण डेबी मॅकोम्बर यांच्या अमेरिकी मालिकेत फारच उघडपणे आढळते. त्यांच्या सीडर कोव्ह या कल्पित गावाच्या मालिकेतील पहिल्या कादंबरीचे (२००१) नाव '१६ लाइटहाउस रोड' असे आहे आणि पुढच्या पुस्तकांची नावेही अशीच घरांचे पत्ते आहेत. वॉशिंग्टन राज्यातील पोर्ट ऑर्चर्ड हे लेखिकेच्या परिचयाचे गाव त्यामागे आहे. मालिका म्हणून ती मला एकसुरी वाटते आणि तिच्यावर अधिक वेळ घालविण्याचे कारण नाही. परंतु पत्ता हेच पुस्तकाचे नाव होऊ शकते, ही तिची सूचना मोलाची आहे.

कामाच्या घटकासाठी मात्र जेनी कोलगन यांच्या 'लिटल बीच स्ट्रीट बेकरी' (२०१४) या कादंबरीपाशी थांबलेच पाहिजे. या प्रकारातील ती सर्वांत सरस कादंबरी आहे असे नाही. पण आपल्या प्रकाराच्या मर्यादा तिला ठाऊक आहेत. पॉली वॉटरफोर्ड ही तिशी ओलांडलेली स्त्री. प्लिमथ शहरात जोडीदाराबरोबर चालविलेला ग्राफिक डिझाइनचा व्यवसाय बुडतो, त्याबरोबर घर जाते, संबंधही संपतो. परवडेल असे भाड्याचे घर शोधत ती माउंट पोलबर्न या कल्पित बेटवजा गावी येते. भरतीच्या वेळी मुख्य भूमीशी जोडणारी वाट पाण्याखाली जावी अशी त्याची रचना असून, कॉर्नवॉलमधील सेंट मायकेल्स माउंट हे ठिकाण त्यावरून सहजच डोळ्यांपुढे येते. घर मिळते ते एका बंद बेकरीच्या माथ्यावर, गळक्या छपराचे. पॉली पाव भाजू लागते, तो कोळ्यांना देते, आणि तिच्या टेबलावर मासे येतात.

कादंबरीचा बराच भाग या पावाने व्यापला आहे. कणीक मळणे, ती फुगण्याची वाट पाहणे, पहाटे उठणे, भट्टी तापविणे, यांची वर्णने प्रेमप्रसंगांपेक्षा अधिक निगुतीने केलेली आहेत. पुस्तकाच्या शेवटी पाककृतीही आहेत. येथे नायिकेच्या पूर्वीच्या व्यवसायाचा विसर पडू देता कामा नये. ज्या कामाची वस्तू हाती येत नाही, ज्याचे गिऱ्हाईक समोर दिसत नाही आणि जे बुडाले तरी नेमके काय बुडाले ते दाखविता येत नाही, असे काम तिने सोडलेले आहे. पाव सकाळी असतो, दुपारी संपलेला असतो, आणि तो कोणी खाल्ला हे ठाऊक असते. आजच्या महानगरी वाचकाला हे दृश्य प्रणयाहूनही मोहक वाटावे यात नवल नाही. दिल्लीच्या मेट्रोत उभ्याने वाचणारी माझी विद्यार्थिनी मोहित झाली होती ती, तिच्याच शब्दांत, 'संध्याकाळी संपणाऱ्या कामावर'.

परंतु कोलगन यांची कादंबरी एवढ्यावर थांबत नाही. बेकरीची मालकीण श्रीमती मॅन्स ही गावातली एक तुसडी वृद्धा. गावात पाव विकण्याचा हक्क ती आपलाच समजते आणि पॉलीच्या पावाला विरोध करते. तिच्या या कडवटपणामागे समुद्राने नेलेली तिची माणसे आहेत. पुढे वादळ येते आणि टार्नी हा तरुण नाखवा बुडतो. पॉलीचे त्याच्याशी काही काळ संबंध आलेले असतात आणि तो विवाहित असल्याचे तिला मागाहून कळलेले असते. या प्रकारच्या कादंबरीत नायकपदाच्या उमेदवाराला लेखिका असा बुडवून टाकते, हे धाडसच होय. त्याच्या मृत्यूने पॉलीची गावातील स्थिती एकदम अवघड होते: शोक करण्याचा अधिकार पत्नीचा, आणि पॉलीचे दुःख मात्र खरे. पंख मोडलेल्या पफिन पक्ष्याच्या लाडिक प्रकरणांनी वैतागलेल्या वाचकाने या पानांसाठी तरी ही कादंबरी वाचावी.

कॉर्नवॉलच्या वाचकाला या प्रसंगात नुसती कल्पना दिसणार नाही. १९ डिसेंबर १९८१ च्या रात्री 'युनियन स्टार' हे मालवाहू जहाज वादळात सापडले असता माउझल या गावची 'सॉलोमन ब्राउन' ही जीवरक्षक नौका मदतीस गेली. नौकेवरील आठ स्वयंसेवक आणि जहाजावरील आठ जण, असे सोळा जीव त्या रात्री गेले. माउझल हे गाव नाताळच्या दीपरोषणाईसाठी प्रसिद्ध आहे आणि दरवर्षी १९ डिसेंबरला तेथील दिवे काही वेळ मालविले जातात. लहान बंदर, पाण्यात थरथरणारे रंगीत दिवे, हे तर उबदार कादंबरीचे आवडते मुखपृष्ठ. ते दिवे मालविण्याची रात्र ज्या कादंबरीत येते तिच्यातील ऊब खरी वाटते. जिथे ती येत नाही तिथे समुद्र म्हणजे खिडकीबाहेर टांगलेला पडदा होतो, आणि या प्रकारातील दहापैकी आठ पुस्तकांचे तसेच होते.

समुद्राचा पडदा होणे ही तशी अलीकडची गोष्ट. अठराव्या शतकाच्या मध्यापर्यंत युरोपीय मनाला किनारा हे भयाचे स्थळ वाटे आणि त्यानंतरच्या शंभरेक वर्षांत त्याची ओढ निर्माण झाली, असे फ्रेंच इतिहासकार आलँ कॉर्बँ यांनी १९८८ च्या आपल्या ग्रंथात साधार मांडले आहे. या स्थित्यंतराच्या ऐन मध्यावर जेन ऑस्टिन उभी आहे. आपल्या कादंबरीप्रकाराचे मूळ शोधावयाचे तर डाफ्नी ड्यु मोरियेच्या गूढ कॉर्नवॉलपेक्षा ते ऑस्टिनच्या शेवटच्या दोन लेखनांत शोधावे, असे मला सुचवावेसे वाटते. 'पर्स्वेजन' ही कादंबरी तिने १८१६ च्या ऑगस्टमध्ये पूर्ण केली. तीत लाइम गावच्या धक्क्याजवळ कॅप्टन हार्व्हिल यांचे भाड्याचे बिऱ्हाड आहे. खोल्या एवढ्याशा की पाहुणे मावावेत कसे हा प्रश्न; पण या जायबंदी नौदल अधिकाऱ्याने स्वतः सुतारकाम करून जागेचा इंच न् इंच उपयोगात आणला आहे, हिवाळी वाऱ्यांपासून दारे-खिडक्या राखल्या आहेत. ॲन एलियट ते अगत्य पाहते आणि ही माणसे आपली होऊ शकली असती या विचाराने व्याकूळ होते. उबदार कादंबरीचे सारे बीज या दृश्यात आहे: लहान जागा, हाताचे काम, आणि बाहेरून आलेल्या स्त्रीला झालेली आपलेपणाची ओळख.

अवघ्या काही महिन्यांनी, १८१७ च्या जानेवारीत, ऑस्टिनने 'सँडिटन' लिहावयास घेतली. मार्चमध्ये आजारपणामुळे लेखन थांबले आणि जुलैत तिचे निधन झाले. या अपुऱ्या कादंबरीत मिस्टर पार्कर हे गृहस्थ एका किनारी खेड्याचे रूपांतर फॅशनेबल आरोग्यस्थळात करू पाहत आहेत. त्यासाठी त्यांनी आपले सखल, वाऱ्यापासून सुरक्षित असे वडिलोपार्जित घर सोडून उंच कड्यावर समुद्रदर्शनी नवे घर बांधले आहे. वाटेत जुने घर दिसते तेव्हा पत्नीला तेथली बाग आठवते. पतीला मात्र देखावा हवा असतो. त्यांच्या भागीदार लेडी डेनहॅम यांना पाहुणे हवेत, पण पाहुण्यांमुळे मटणाचे भाव वाढतील ही चिंताही आहे. हार्व्हिलचे बिऱ्हाड आणि पार्करचा कडा ही एकाच लेखणीतून उतरलेली किनाऱ्याची दोन रूपे होत. पुढील दोनशे वर्षांत प्रणयकादंबरीने हार्व्हिलचे घर घेतले. पार्करला तिने मुख्यतः प्रकाशन आणि पर्यटन यांच्या स्वाधीन केले.

हे विधान जरा कडक वाटेल, म्हणून त्याचा विस्तार करतो. सेंट आइव्ह्ज गावाला १८७७ मध्ये रेल्वे पोहोचली. चित्रकार आले, मग प्रवासी आले. रोझमंड पिल्चर यांच्या 'द शेल सीकर्स' (१९८७) या कादंबरीतील पोर्थकेरिस हे गाव या सेंट आइव्ह्जवरूनच बेतलेले आहे. पिल्चर यांच्या कथांवर जर्मन दूरचित्रवाणीने १९९३ पासून शंभराहून अधिक चित्रपट केले आणि त्यांमुळे जर्मन प्रवाशांची रीघ कॉर्नवॉलकडे लागली. २०१६ च्या मे महिन्यात याच सेंट आइव्ह्जच्या रहिवाशांनी सार्वमत घेऊन ठरविले की गावात यापुढे बांधले जाणारे घर कायम वास्तव्यासाठीच असावे, सुट्टीपुरते दुसरे घर म्हणून नसावे. ऐंशी टक्क्यांहून अधिक मते या बाजूने पडली. कोळ्यांच्या मुलांना कोळ्यांच्या गल्लीत घर घेता येईनासे झाले होते. कादंबरी वाचून ज्या वाचकाला 'असे एक घर असावे' असे वाटले, त्याच्यासारख्याच कोणाच्या तरी इच्छेने ते घर महागले. उबदार कादंबरीतील नायिका परवडणाऱ्या भाड्याच्या शोधात किनाऱ्यावर येते. प्रत्यक्षात किनारा हे परवडणारे भाडे मिळण्याचे ठिकाण राहिलेले नाही. या प्रकारातील सर्वांत मोठी कल्पित गोष्ट प्रेम नसून भाडे आहे.

कोलगन यांना याची जाणीव नाही असे म्हणवत नाही. पहिल्या कादंबरीत मालकीचा प्रश्न श्रीमती मॅन्सच्या मनाला पाझर फुटून सुटतो. हा तोडगा म्हणजे निव्वळ परीकथा. मात्र पुढच्याच वर्षी आलेल्या 'समर अ‍ॅट लिटल बीच स्ट्रीट बेकरी' (२०१५) मध्ये ही वृद्धा मरण पावते आणि दुकान तिच्या भाच्याच्या हाती जाते. त्याला पावापेक्षा नफ्यात रस असल्याने पॉलीला काम गमवावे लागते आणि ती एका व्हॅनमधून पाव विकू लागते. म्हणजे ज्या बेकरीच्या नावाने मालिका ओळखली जाते ती बेकरी नायिकेची कधी नव्हतीच, हे दुसऱ्या भागात उघड होते. पहिल्या पुस्तकाची ऊब दुसऱ्याने अशी तपासून पाहणे हे लोकप्रिय कादंबरीत क्वचित घडते. भाच्याचे पात्र व्यंगचित्रासारखे रंगविल्यामुळे ही तपासणी अर्ध्यावरच राहते, हा माझा आक्षेप आहे. वारसाहक्काने आलेला माणूस चांगला असता तरी पॉलीचे दुकान दुसऱ्याचेच राहिले असते.

आता विद्यार्थिनीच्या वाक्याकडे वळता येईल. पेंडसे वाचून घराची भीती का वाटावी? मराठीतील कोकणच्या कादंबरीत किनारा आणि त्यामागचा मुलूख येतो तो तेथे राहिलेल्यांच्या नजरेतून, किंवा तेथून निघून गेलेल्यांच्या स्मरणातून. गो. नी. दांडेकरांच्या 'पडघवली'त (१९५५) गाव उठत जात असतानाची कहाणी मागे उरलेली अंबूवहिनी सांगते. जयवंत दळवींच्या 'सारे प्रवासी घडीचे' (१९६४) मध्ये तऱ्हेवाईक माणसांनी गजबजलेले असे गाव आहे की एखाद्या इंग्रज उबदार लेखिकेने ते तसेच्या तसे उचलावे. पण शहरातून येऊन तेथे दुकान थाटणाऱ्या स्त्रीसाठी त्यात जागा नाही, आणि हास्याच्या तळाशी असलेली क्षणभंगुरता नावातच सांगितलेली आहे. पेंडसे यांच्या 'तुंबाडचे खोत' (१९८७) मध्ये तर जमीन कोणाची, हाच पिढ्यान्‌पिढ्यांचा कलह. १९४९ च्या कायद्याने खोती गेली, तिचे मानसिक अवशेष मात्र राहिले. इंग्रजी उबदार कादंबरीने जो प्रश्न भाड्याच्या करारात गुंडाळून ठेवला तो आपल्या कादंबरीने उघड्यावर मांडला, त्यामुळे तिच्यात ऊब कमी आणि धग जास्त. प्रवासाची दिशाही उलटी: आपला चाकरमानी बोटीने, मग एसटीने, मग रेल्वेने मुंबईकडे जातो, गणपतीला येतो आणि परततो. गावात पहिल्यांदाच येऊन राहणारी, कोणाचीही सून नसलेली स्त्री आपल्या कथनपरंपरेला अपरिचित आहे.

तेव्हा मराठीत अशी कादंबरी का लिहिली जात नाही, असे त्या विद्यार्थिनीने चर्चासत्रात विचारले तेव्हा प्रतिभेच्या उणिवेचे नेहमीचे उत्तर मला द्यावेसे वाटले नाही. लिहून पाहा, असे मी तिला सुचविले. पहिले प्रकरण तिने खरोखरच लिहून आणले. दिल्लीतली नोकरी सुटलेली नायिका आजोबांचे बंद घर उघडून तेथे खानावळ चालवू पाहते. अंगण, पाटाचे पाणी, घावन, सोलकढी, सारे आले होते, आणि शेजारच्या वाडीतला एक उत्साही तरुणही दिसू लागला होता. दुसरे प्रकरण मात्र दोन पानांवर अडले. घराला वीजजोडणी घ्यावयाची तर कागद लागतो, म्हणून नायिका तलाठ्याकडे जाते आणि सातबारा काढते. त्यावर सतरा नावे निघतात. त्यांतली सहा माणसे हयात नाहीत, चार मुंबई-पुण्यात आहेत, दोघे एकमेकांशी बोलत नाहीत, आणि तिच्या वडिलांचे नाव अजून चढलेलेच नाही. पुढे काय करावे ते सुचत नाही, असे सांगून तिने ती पाने माझ्यापुढे ठेवली. ही पाने तिच्या प्रबंधिकेत परिशिष्ट म्हणून घालावीत अशी शिफारस मी केली आहे.